डोळा मिटलेला लेयर

वडशाच्या रेल्वे फाटकापाशी
लोमेश नाकाडेंच्या दुकानात मी पोस्टरं करते.
दिवाळी ते शिवरात्र.
नाटक एकच, गावं वेगळी,
गावागणिक एक फाईल
आणि फाईलगणिक खुशाल ठेंगरींचा एक फोन:
‘पोरी, तारीख बदलव. शंकरपट एक दिवस समोर गेला.’

म्हणून माझ्याकडे
तोरण_फायनल आहे,
तोरण_फायनल_नवं आहे,
तोरण_हेच_छापा आहे,
आणि तोरण_हेच_छापा_लोमेशभाऊ,
जे कधीच छापायचं नसतं.

आल्या आल्या मी शिस्त लावून पाहिली.
आधी वर्ष, मग कंपनी, मग गाव, मग आकडा.
भाऊ म्हणाले, ‘इतके कप्पे त धानाच्या कोठीतबी नसते वो.’
दुसऱ्या दिवशी सगळं डेस्कटॉपवर,
खळ्यात पोतं उलटं करावं तसं.

‘सवतीचं तोरण’च्या मूळ फाईलमध्ये
तळापासून तिसऱ्या थरावर मंदाकिनी उंदीरवाडे आहे.
हिरवं लुगडं, कपाळाला आठी,
नायकाच्या खांद्याआडून रोखून बघणारी.
तिनं एकदा हिशेब मागितला:
त्याची नाईट तेवढी, तर माझी एवढीच का?
ठेंगरी दुकानात आले. खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत.
‘हिला काढ.’

मी काढलं नाही.
डिलीट केलं की मागची सावली
परत रंगवत बसावी लागते,
असं त्यांना सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं.
लेयरचा डोळा तेवढा मिटवला.
पुढची प्रत्येक फाईल त्याच फाईलवरून सेव्ह अ‍ॅज.
तीन हंगाम, एकशे चाळीस पोस्टरं,
प्रत्येकात ती होती, आपल्या वजनासकट.
पेनड्राइव्ह का भरतो म्हणून भाऊ चिडायचे.
मी म्हणायची, फॉन्ट जड आहेत.

यंदा नवरगावच्या मंडईत दहा बाय आठचा फ्लेक्स लागला
आणि खांद्याआडून ती बघत होती.

तिकिटं सातलाच संपली.
दुसऱ्या अंकात माणसं ओरडायला लागली,
मंदाबाई कवा येते?
सकाळी ठेंगरी दारात: ‘कोणती फाईल गेली?’
मी तारखा उघडल्या.
शेवटचं सेव्ह, रात्री अकरा बावन्न.
दुकान आठला बंद होतं.
किल्ली दोघांकडे असते.
लोमेशभाऊ उठले आणि चहा सांगायला गेले,
चहावाला समोरच उभा असताना.

कापणी आटोपल्यावर ती स्वतःच आली, एसटीनं.
‘मी काढतो आता माजी कंपनी.
मले माजी फाईल दे.’

डोळा उघडला, तिला एकटीला उचलून
कोऱ्या पानावर ठेवलं
तेव्हा दिसलं, डावा हातच नाही.
खांद्याआड जाणार म्हणून
माझ्याआधीच्या कोणी
नऊ वर्षांपूर्वी खोडरबर फिरवला होता.
मूळ फोटो होता त्या हार्डडिस्कवर
लोमेशभाऊ आता शटरला टेकू लावतात.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.
आपल्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या बाईकडे बघावं तशी.
मग पदर खोचला.
‘हात त आहे ना माज्यापासी. काढ फोटो.’

फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर तिनं हात टेकवला.
पातीनं चिरलेली बोटं,
अंगठ्याच्या मुळाशी विळ्याचा जुना वण.
मी कडा कापली, कोपराशी थोडी मऊ केली,
रंग चेहऱ्याशी जुळवायला गेले तर म्हणाली,
‘राहू दे. काळा आहे त काळा.’

तर असं ते चित्र:
चेहरा नऊ वर्षांमागचा, हात आजचा,
आणि सांधा मलाच दिसतो.

नाव काय देऊ, विचारलं.
फायनल? नवं? हेच छापा?

‘एक लिव,’ ती म्हणाली.
‘समोर लय होतेत.’